एक कागद, एक जागा

१ सप्टेंबर, सोमवार
निवृत्तीला बरोबर तीस दिवस. साहेबांनी सकाळी सकाळी बोलावलं. पंपांच्या ह्या कारखान्याची रेकॉर्ड रूम मी चौतीस वर्षं सांभाळली, तेव्हा मला वाटलं निरोप समारंभाचं काहीतरी विचारतील. त्यांनी एक छापील फॉर्म हातात दिला. डावीकडे 'फोल्डरचं नाव', उजवीकडे 'लोकेशन'. बावीस तारखेला हेड ऑफिसमधून एक कॉम्प्युटरवाली बाई येणार, यादी तपासणार. यादी चोख निघाली तर मला दोन वर्षांची मुदतवाढ. सल्लागार म्हणून. खिडकीची केबिन.

ती दोन वर्षं मला हवी आहेत. का, ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे? इथे कुठलाही जुना पंप अडला की फोन येतो आणि रेकॉर्डवाल्यांना विचारा म्हणतात. घरी मला फक्त गॅस संपला का एवढंच विचारतात.

फोल्डरं एकूण नऊ. आठ किरकोळ. नववं माझं: 'जुने नकाशे अंतिम'. चार हजार तीनशे बारा ड्रॉइंग्ज. कागद वाळवीने खाल्ले होते, हात लावला की भुगा. तीन वर्षं बसून एकेक स्कॅन केलं आणि मग कागद लगद्याला गेले. आता जे काही आहे ते त्या फोल्डरात.

संकल्प: गुरुवारपर्यंत फॉर्म पूर्ण. खरं तर चार तासांचं काम.

२ सप्टेंबर, मंगळवार
आधी कीबोर्ड साफ केला. हा कॉम्प्युटर माझ्याआधी शिंक्याचा होता. खरं नाव लिहायची इच्छा नाही. रुमाल न धरता शिंकतो, थेट समोरच्या वस्तूवर, आणि वर स्वतःच हसतो. आता वरच्या मजल्यावर डिस्पॅचला आहे, पण त्याच्या खुणा इथेच. कीबोर्ड उपडा करून ठोकला तर बिस्किटाचा चुरा, दोन नखं, एक स्टेपलर पिन आणि काहीतरी जे मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. स्पिरिट लावलं. पुन्हा लावलं. जेवण गेलं नाही.

दुपारी ३. फॉर्म पूर्ण! चाळीस मिनिटांत! रेकॉर्ड रूमची पद्धतच तशी आहे. कागद असेल तर कपाट चार, खण दोन, गठ्ठा अकरा. फोल्डर असेल तर स्क्रीन, डावी ओळ, वरून तिसरं. नवव्यापुढे लिहिलं: उजवीकडे एकटं, घड्याळाच्या चार बोटं वर. बोटं माझी धरावीत अशी तळटीप दिली.

३ सप्टेंबर, बुधवार
फॉर्म परत आला. साहेब म्हणाले की लोकेशन म्हणजे स्क्रीनवरची जागा नव्हे, आत कुठे ठेवलंय ते लिहायचं. मी म्हटलं, आत म्हणजे कुठे? ते म्हणाले, तेच तर तुम्ही सांगायचंय. आणि फोन घेतला. चौतीस वर्षांत माझा एकही फॉर्म परत आला नव्हता.

वर फॉर्मच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ. शी.

५ सप्टेंबर, शुक्रवार
गुरुवार गेला. त्यात माझा दोष नाही, लेकीचा फोन काल लागलाच नाही. आज लागला. ती म्हणाली, बाबा, फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबा, सगळं कळेल. मी तिला सांगितलं की पाच वर्षं मी डावं बटण दाबतोय आणि माझं काही अडलेलं नाही. शिवाय उजव्या बटणावर शिंक्याच्या बोटाचा चिकट डाग आहे, तो स्पिरिटलाही दाद देत नाही. ती म्हणाली, मग रुमाल धरून दाबा. आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीवर तोडगा सुचतो, आणि तो नेहमी दुसऱ्याने करायचा असतो.

संकल्प: बटणबिटण काही नाही. पद्धतशीर शोध. पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत.

८ सप्टेंबर, सोमवार
कॉम्प्युटरमध्ये दोन कपाटं आहेत. एकाचं नाव सी, दुसऱ्याचं डी. ए आणि बी कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही आणि कोणाला त्याची लाजही वाटत नाही. माझ्या रेकॉर्ड रूममध्ये पहिली दोन कपाटं गायब झाली असती तर पोलीस आले असते.

सी उघडलं. एका फोल्डरच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. नावं अशी की माणसाने ठेवलेली वाटत नाहीत. संध्याकाळपर्यंत एकशे सहा उघडली. पंपाचा एक वॉशरसुद्धा दिसला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
आणखी दोनशे चौदा. मान दुखते. एका फोल्डरमध्ये नुसती फुलांची आणि डोंगरांची चित्रं. कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये डोंगर कशाला?

घरी सांगितलं. बायको म्हणाली, अहो, तो कॉम्प्युटर ज्याने लावून दिला त्यालाच का नाही विचारत, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हटलं, त्याला विचारण्यापेक्षा मी आणखी दोन हजार उघडीन. ती म्हणाली, उघडा. हल्ली तिच्या बोलण्यात सहानुभूती कमी झाली आहे.

आता खरं लिहायचं तर शिंक्याने कॉम्प्युटर ताब्यात देताना काहीतरी सांगितलं होतं. हे फोल्डर मी अमुक ठिकाणी केलंय, तुम्हाला सोपं जावं म्हणून इथे समोर तमुक ठेवलंय. अमुक आणि तमुकच्या मधोमध तो शिंकला. मी मनगट पुसत होतो. त्यामुळे ऐकलं नाही. ह्यात चूक कोणाची ते उघड आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार
उजवं बटण दाबलं. रुमाल धरून. एक लांबलचक यादी बाहेर आली. त्यात एक ओळ: 'ओपन फाइल लोकेशन'. म्हणजे हे इतके दिवस इथेच होतं आणि मला डोंगर बघायला लावले. यादी बंद केली. अशा गोष्टी ताज्या डोक्याने कराव्यात. उद्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी १०.१० ला ती ओळ दाबली. सापडलं. डी कपाट. त्यात एक फोल्डर, त्यावर शिंक्याचं नाव. सबंध, आडनावासकट. आणि त्याच्या आत 'जुने नकाशे अंतिम'.

उघडलं. चार हजार तीनशे बारा. माझीच. पहिल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्कॅन करताना माझा अंगठा आला होता, तो अंगठासुद्धा तिथे!

तीन वर्षं धूळ मी खाल्ली, डोळे माझे गेले, आणि ह्या माणसाने माझ्या कामाची नक्कल मारून स्वतःच्या नावाखाली लपवून ठेवली. आता कळलं तो कॅन्टीनमध्ये मला बघून का हसतो.

दुपारी १२. घाईने कोणावर आळ घेऊ नये म्हणून चाचणी केली. समोरचं माझं फोल्डर उघडलं आणि ड्रॉइंग नंबर सातचं नाव बदलून 'सात अ' केलं. मग डीमध्ये जाऊन पाहिलं तर तिथेही 'सात अ'! म्हणजे चोरी जुनी नाही, आत्ता, ह्या मिनिटाला चालू आहे. मी इकडे बदलतो आणि तो वरच्या मजल्यावर बसून लगेच उतरवून घेतो. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा पकडला.

त्या माणसाचा मला नेहमीच तिटकारा होता. आज त्याला कारण मिळालं.

१४ सप्टेंबर, रविवार
दोन दिवस जेवणात लक्ष नाही. बायको म्हणाली, आधी विचारा तर खरं, माणूस शिंकतो म्हणून चोर ठरत नाही. मी तिला चाचणी समजावून सांगितली. ती म्हणाली, मला काही कळलं नाही, पण तुम्हालाही कळलेलं दिसत नाही. विषय बंद केला.

१५ सप्टेंबर, सोमवार
साहेबांसाठी तीन पानी तक्रार लिहिली. साहेब दौऱ्यावर, बावीसला थेट त्या बाईबरोबरच येणार. म्हणजे बाई यायची आणि तिच्यासमोर एकाच नावाची दोन फोल्डरं निघायची. आमच्या खात्याचा पहिला नियम भिंतीवर लिहिलेला आहे, मीच लिहून घेतला आहे: एक कागद, एक जागा. दुसरी प्रत सापडली तर ती नष्ट करायची, नाश रजिस्टरमध्ये नोंद करायची, आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. दुसरी प्रत राहिली की कधीतरी कोणीतरी चुकीच्या प्रतीवर काम करतं आणि पंप फुटतो. हे मी पाहिलेलं आहे.

नियम माझ्यासाठी आणि शिंक्यासाठी एकच. राग मधे आणायचा नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी ११. नाश रजिस्टर काढलं. नोंद केली: 'डी, मग (शिंक्याचं नाव), मग जुने नकाशे अंतिम. नग ४३१२. अनधिकृत दुसरी प्रत.' खाली माझी सही. साक्षीदार म्हणून शिपाईमामांची सही. मामा माझ्याबरोबर वीस वर्षं आहेत, फार विचारत नाहीत. आज मात्र सही करताना विचारलं की हे त्या वरच्या साहेबांना दाखवलंय का. मी म्हटलं, चोराला दाखवून कुलूप लावतात का?

११.२० ला डिलीट दाबलं. मशीनने विचारलं, नक्की ना? पाच वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी अदबीने बोललं. नक्की. मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतं त्यात जाऊन तोही रिकामा केला. कचरा डब्यात ठेवून घरी जाणारा माणूस मी नव्हे.

साबणाने हात धुतले. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मूळ प्रत समोर जागच्या जागी आहे, चित्र दिसतंय. उघडून पाहिली नाही. उगाच उघडझाप केली की कागद झिजतो, तीच गोष्ट ह्याची.

१७ सप्टेंबर, बुधवार
जिन्यात शिंक्या भेटला. म्हणाला, काय, यादीचं काम कुठवर आलं, काही अडलं तर हाक मारा, आणि त्या डीमधल्याला तेवढा हात लावू नका हं. चोराच्या मनात चांदणं! मी तसाच खाली उतरलो. मागून शिंक आली. मी वेळेत वळण घेतलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हेड ऑफिसच्या बाईंचा फोन. बॅकअप आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बॅकअप म्हणजे? दुसरी प्रत, त्या म्हणाल्या. मी अभिमानाने सांगितलं की आमच्या खात्यात दुसरी प्रत मिळणार नाही, होती ती परवाच नष्ट केली. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. छाप पडली असावी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
केबिन पाहून आलो. खिडकीच्या कडेला कबुतरांची घाण, बोटभर जाड. पण खिडकी आहे. टेबल उजवीकडे हलवावं लागेल. सुताराकडून माप घेतलं. फॉर्ममध्ये आठ फोल्डरांपुढे उजव्या बटणाने दाखवलेली जागा लिहिली, नवव्यापुढे: 'समोर. मूळ प्रत.'

२२ सप्टेंबर, सोमवार
बाई आल्या. कीबोर्डला हात लावण्याआधी हात पुसले. मला बरं वाटलं. आठ फोल्डरं पाहिली, मान हलवली. नववं दाबलं.

उघडलं नाही. मशीनने सांगितलं की ही वस्तू हलवली किंवा बदलली गेली आहे, हे चित्रही पुसून टाकू का?

मी म्हटलं, तुमचा हात नवीन आहे, मी दाबतो. मी दाबलं. तेच. स्पिरिट लावून दाबलं. तेच.

बाईंनी चित्राच्या कोपऱ्यातला एक बारीकसा बाण दाखवला. पाच वर्षं मी त्याला डाग समजत होतो. त्या म्हणाल्या, काका, हे फोल्डर नव्हे, ही नुसती पाटी आहे, खरं फोल्डर दुसरीकडे असतं आणि ह्यावर दाबलं की तिकडे नेतं. मी म्हटलं, पाटी आहे म्हणजे घर असणारच. त्या म्हणाल्या, होतं. कुठे होतं?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

हे वाक्य मी लिहून ठेवतो आहे. तसं म्हणालो खरा.

२३ सप्टेंबर, मंगळवार
शिंक्याला खाली बोलावलं. साहेब, बाई, तो आणि मी. तो माझ्या खुर्चीवर बसला आणि तीन तास उठला नाही. पुसलेलं परत आणायचा काही प्रोग्रॅम असतो, तो चालवला. जेवायलाही गेला नाही. दुपारी एकसष्ट ड्रॉइंग्ज मिळाली, तीही अर्धी काळी. बाकीची गेली. पहिलं ड्रॉइंग मिळालं. त्यात नुसता अंगठा शिल्लक आहे.

मी वाट पाहत होतो की हा आता मला काय काय बोलेल. उत्तरं तयार होती. फोल्डरवर स्वतःचं नाव कशाला? नीट सांगितलं का नाही? पण तो साहेबांना म्हणाला की चूक माझी आहे, ते फोल्डर माझ्या नावाखाली करायला नको होतं, ह्यांना समजावून सांगायला हवं होतं, आणि बहुतेक डिस्कच बिघडली असेल. साहेबांनी त्याला विचारलं की जबाबदारी तुझी धरू का. तो म्हणाला, धरा. आणि बाहेर जाऊन शिंकला. बाहेर जाऊन.

साहेब मला म्हणाले, तुमच्या बाकीच्या याद्या चोख आहेत. मुदतवाढीचं पत्र तयार ठेवतो.

नाश रजिस्टर कपाट दोन, खण एकमध्ये आहे. कोणी मागितलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
संकल्प: उद्या सकाळी रजिस्टर घेऊन साहेबांकडे जायचं.

पण नीट विचार केला तर त्याने स्वतःच मान्य केलं आहे. माणूस काहीतरी असल्याशिवाय मान्य करत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
गेलो होतो. साहेबांच्या दारावर तांबडा दिवा. मीटिंग असावी. पंधरा मिनिटं उभा राहून परतलो. रजिस्टर जड आहे.

ऐकलं की शिंक्याला गोडाउनला टाकणार. तिथे धूळ फार. त्याला धुळीनेच शिंका येतात, हे आज मामांकडून कळलं. लहानपणापासून त्रास आहे म्हणे, औषधं चालू असतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
डोकं दुखतंय. डोकेदुखीत असल्या नाजूक गोष्टी बोलू नयेत. सोमवारी.

सुताराला टेबल हलवू नको म्हणून सांगितलं. मग पुन्हा फोन करून हलव म्हटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार
बायकोने विचारलं, चेहरा असा का? मी म्हटलं, कॅन्टीनच्या तेलाने.

२९ सप्टेंबर, सोमवार
शिंक्या जिन्यात दिसला. खोक्यात आपलं सामान भरून नेत होता: पाण्याची बाटली, मुलीचा फोटो, औषधाची पट्टी. मला म्हणाला, लाख मोलाचं काम होतं हो तुमचं, रात्री झोप लागत नाही मला. मला! मी म्हटलं, असू दे.

असू दे म्हणालो. जिन्याच्या खाली येऊन बेसिनवर हात धुतले. कुठेही हात लावलेला नव्हता. धुतले तरी तसंच वाटत राहिलं. आज पहिल्यांदा मला किळस आली आणि आजूबाजूला कोणीच नव्हतं.

उद्या. काहीही झालं तरी.

३० सप्टेंबर, मंगळवार
सकाळी ९.३० ला रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पान उघडून. तिथे सगळं लोकेशन आहे, डीपासून शेवटपर्यंत, माझ्या अक्षरात, सही आणि तारखेसकट. फॉर्मवर हवं होतं तसंच.

साहेबांनी वाचलं नाही. ते म्हणाले, बाईंनी तुमचं फोनवरचं बोलणं मला सांगितलं होतंच, आणि मामाही तेवीस तारखेलाच संध्याकाळी येऊन सांगून गेले, साक्षीदार म्हणून त्यांची सही होती ना, म्हातारा रडत होता. मी विचारलं, मग गोडाउन? ते म्हणाले, बदलीची ऑर्डर मी काढलीच नाही, फक्त बोललो, तुमच्या कानावर पडावं म्हणून. शिंक्या मात्र खरंच समजून सामान भरून बसला, त्याला आज सांगितलं.

मग त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. वर माझं नाव टाइप केलेलं. म्हणाले, चूक कोणाकडूनही होते, ते मी सोडून दिलं असतं, चोवीसला आला असतात तर हे तुम्हाला दिलं असतं, पंचवीसलाही दिलं असतं. पाकीट परत खणात गेलं. खण बंद व्हायला थोडा अडकला. मी पुढे होऊन ढकलायला मदत केली.

पाच वाजता चहा आणि चार वाक्यांचं भाषण. शिंक्या आला होता. मागे उभा होता, तोंडावर रुमाल धरून. मी काहीतरी बोलायला त्याच्याकडे गेलो आणि चहा कडू आहे असं म्हणालो.

रात्री ८. घरी आल्यावर बायकोने विचारलं, मिळाली का दोन वर्षं? नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, डिलीटपासून खणापर्यंत. मला वाटलं ती फोल्डरबद्दल बोलेल. कळशाबद्दल बोलेल. ती फोल्डरबद्दल काहीच बोलली नाही. तिने एवढंच विचारलं की तो माणूस तुमचं पाप डोक्यावर घेऊन फिरत होता, आणि तुम्ही सात दिवस काय करत होतात?

ह्या वहीत शोधलं. चोवीस, पंचवीस, सव्वीस, सगळी पानं पुन्हा वाचली. दिवा होता, रजिस्टर जड होतं, डोकं दुखत होतं. तिला वाचून दाखवण्यासारखी एक ओळ नाही.

ती अजून स्वयंपाकघरात उभी आहे. मी इथे लिहितो आहे म्हणजे मला जाऊन उत्तर द्यावं लागू नये.